भांडण प्लंबरशी, पैसे मुकाट कार्ट्रिजला

वाचकाचं पत्र

ताई, गेले काही महिने प्रत्येक खरेदीत मला फसवल्यासारखं वाटतंय. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने दहा मिनिटांत काम उरकलं आणि जे पैसे सांगितले ते ऐकून माझा आवाज चढला. शेवटी त्याने कमी पैसे घेतले आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. प्रिंटरची शाई संपली, तर नवी कार्ट्रिज नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून महाग! विमानतळावर पाण्याची बाटली बाहेरच्या कितीतरी पट दराने घ्यावी लागली. मुलीच्या चष्म्यासाठी दुकानात मी इतकी घासाघीस केली की ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. आईच्या औषधांचं बिल दर महिन्याला फुगतंय. बायको म्हणते, तुम्ही हल्ली फार चिकट झालात. मी खरंच चिकट झालोय, की सगळे लुटायलाच बसलेत?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार,

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. तुम्ही चिकट नाही. चिकट माणसाला खर्च करणंच नको असतं. तुम्ही नळ दुरुस्त करून घेतलात, मुलीला चष्मा केलात, आईची औषधं वेळेवर आणताय. तुम्हाला खुपतंय ते पैसे जाणं नाही, आपल्याला गृहीत धरलं जाणं. हे खुपणं खरं आहे आणि ते पुष्कळांच्या मनात असतं.

१९८६ साली डॅनिएल कानेमान, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर या तीन संशोधकांनी लोकांना फोन करून एक साधा प्रश्न विचारला होता. एक हार्डवेअरचा दुकानदार बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकतो. मोठं हिमवादळ होऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तेच फावडं २० डॉलरला लावलं. हे योग्य का? ८२ टक्के लोक म्हणाले, अन्याय आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने किंमत वाढवली, तर बहुतेकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हणजे आकडा मोठा आहे एवढ्यावरून माणूस चिडत नाही. आपल्या अडचणीचा कुणी फायदा घेतोय असं दिसलं की चिडतो. तुमचाही राग याच जातीचा आहे.

माझा आक्षेप आहे तो राग कुणावर निघाला यावर. तुमच्या पत्रात पाच खर्च आहेत. त्यांतल्या दोनच ठिकाणी तुम्ही भांडलात, आणि दोन्ही ठिकाणी समोर हाडामांसाचा माणूस उभा होता. कार्ट्रिजचे पैसे तुम्ही निमूट भरले, पाण्याचेही भरले. ज्यांनी त्या किमती ठरवल्या ते तुमच्या दारात कधी येणारच नव्हते. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि वांगं म्हणून हाताशी सापडला प्लंबर.

म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करू. माझ्या मते या पाचांत सर्वांत रास्त पैसे त्याचेच होते.

नळ दहा मिनिटांत दुरुस्त झाला म्हणता, पण त्या दहा मिनिटांत काय झालं ते बघा. पाणी तोटीतून ठिबकत असेल तर दोष बहुधा वॉशरचा किंवा वॉशर ज्यावर टेकतो त्या बैठकीचा असतो. मुठीच्या खालून पाझरत असेल तर आतल्या रबरी रिंगचा किंवा पॅकिंगचा. नवीन धाटणीच्या नळात वॉशर नसतोच, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, आणि त्यांच्यामध्ये क्षाराचा एक कण अडकला तरी नळ गळतो. हे त्याला नळाकडे बघून कळलं. मुख्य कॉक बंद करायचा, क्षाराने धरलेला स्पिंडल, म्हणजे नळाच्या आतली दांडी, न मोडता सोडवायचा, पान्ह्याचा एक वेढा जास्त पडला तर आटे घासले जातात हे हाताला माहीत असायचं. हाच नळ त्याला शिकाऊ असताना दुरुस्त करायला दीड तास लागला असता. तुम्ही त्याला दीड तासाचे पैसे आनंदाने दिले असते, कारण घाम दिसला असता! माणूस कामात जितका तरबेज तितके त्याला कमी पैसे, असा हिशोब यातून निघतो. तो तुम्हालाही पटणार नाही.

शिवाय त्याच्या दिवसात दहा मिनिटांच्या कामापुढे-मागे जाण्यायेण्याचा वेळ असतो, हत्यारं असतात, सुट्या भागांची पिशवी असते, ‘बघून सांगतो’ म्हणून मारलेल्या फुकट फेऱ्या असतात आणि कामच न मिळालेले दिवस असतात. हे सगळं त्याला त्या दहा मिनिटांतूनच काढायचं असतं. नोकरदार माणसाला रजेचे पैसे मिळतात, त्याला नाहीत.

अशी कामं वर्षागणिक महाग का होत जातात, याचं उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये संगीताच्या उदाहरणावरून दिलं होतं. बेथोव्हेनची चार वाद्यांसाठीची रचना वाजवायला त्याच्या काळी चार माणसं लागत, आजही चारच लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. कारखान्यात मात्र तेवढ्याच माणसांकडून पूर्वीच्या अनेक पट माल निघतो. मालाचं उत्पादन वाढलं की तिथल्या मजुऱ्या वाढतात, आणि हाताने काम करणाऱ्यालाही त्याच बाजारात घर चालवायचं असल्याने त्याचाही दर वाढतो. टीव्ही स्वस्त होत जातो आणि केस कापणं, नळ दुरुस्त करणं, मुलाची शिकवणी, आजारी माणसाची शुश्रूषा महाग होत जाते. यात कुणी लुबाडत नाही.

एक मात्र मान्य करते. दुरुस्तीच्या धंद्यातही लबाडी असते. चांगला भाग बिघडला म्हणून सांगणारे, जुनाच भाग पुसून परत लावणारे भेटतात. त्यावर घासाघीस हा उपाय नाही. फोनवरच विचारा, नुसतं येऊन बघायचे किती आणि काम निघालं तर साधारण किती. काम झालं की काढलेला जुना भाग मागून घ्या. भाग आणि मजुरी वेगळी लिहून मागा. प्रामाणिक कारागिराला यातलं काहीच खटकत नाही. आणि काम झाल्यावर, ठरलेल्या किंवा रीतसर सांगितलेल्या पैशांतून कापून घेऊ नका. त्या प्लंबरचा नंबर तुमच्याकडे असेलच. उरलेले पैसे त्याला पोचते करा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही, ते त्याचे पैसे आहेत.

आता कार्ट्रिज. इथे मात्र तुम्ही पुरते चिडायला हवे होतात.

प्रिंटर स्वस्त असतो कारण तो स्वस्त ठेवलेला असतो. बरेच घरगुती इंकजेट प्रिंटर बनवायच्या खर्चाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी दराने विकले जातात आणि नफा शाईतून काढला जातो. ही युक्ती दाढीच्या ब्लेडपासून चालत आलेली आहे असं म्हणतात आणि किंग जिलेट या उद्योजकाचं नाव घेतात. प्रत्यक्षात १९०४ मध्ये पेटंट मिळाल्यावर जिलेटने आपला रेझर पाच डॉलरला विकला, आणि त्या काळी ती चांगलीच मोठी रक्कम होती. रेझर स्वस्त झाला तो १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपून प्रतिस्पर्धी उभे राहिल्यावर. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण किंमत खाली येते ती दुसरा कुणी तीच वस्तू विकू शकतो तेव्हा. आणि प्रिंटरवाल्यांनी नेमकं हेच घडू नये याची व्यवस्था केलेली असते.

कार्ट्रिज हातात घेऊन बघा. तिच्या एका बाजूला तांब्याच्या रंगाचे बारीक ठिपके असलेली चिप दिसेल. शाईला चिप लागत नाही. चिप प्रिंटरला सांगते की कार्ट्रिज कुणाची आहे आणि किती वापरली. पुष्कळ मॉडेलमध्ये शाई ‘संपली’ हे चिपने मोजलेल्या हिशोबावरून ठरतं. त्या वेळी आत थोडी शाई शिल्लक असते. तीन रंग एकाच डबीत असतील तर एक रंग संपला की उरलेले दोनही कचऱ्यात जातात. काही प्रिंटर तर सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर कालपर्यंत चालणारी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज आज नाकारतात. नव्या प्रिंटरसोबत आलेल्या कार्ट्रिजमध्ये अनेकदा शाई कमी भरलेली असते, म्हणून पहिला धक्का लवकर बसतो.

लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने वापरलेल्या कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्या एका व्यावसायिकावर पेटंटभंगाचा दावा लावला होता. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की वस्तू एकदा विकली की पेटंटधारकाचा तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. विकत घेतलेली कार्ट्रिज तुमची, ती भरून घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. निकाल चांगला आहे. पण न्यायालयाने पेटंटचा अडसर काढला तरी चिपचा अडसर तुमच्या टेबलावर तसाच राहतो.

म्हणून ही लढाई कार्ट्रिज विकत घेताना लढता येत नाही. ती प्रिंटर घेतानाच जिंकायची किंवा हरायची असते. दुकानात प्रिंटरची किंमत विचारण्याआधी त्याच्या कार्ट्रिजची किंमत आणि ती किती पानं देते हे विचारा. पानांचा आकडा कंपन्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे मोजून देतात, रंगीत इंकजेट प्रिंटरसाठी ते मानक आयएसओ २४७११ हे आहे. किमतीला पानांनी भागलं की एका पानाचा खर्च निघतो. मग कळतं की सर्वांत स्वस्त प्रिंटर बहुतेकदा सर्वांत महाग पडतो. रोज छपाई असेल तर शाई बाटलीने टाकीत ओतायचा प्रिंटर घ्या, सुरुवातीला जास्त पैसे जातात पण नंतर पानामागे फार थोडे. महिन्यात कधीतरी काळ्या अक्षरांची चार पानं काढायची असतील तर लेझर बरा, कारण त्याची शाई म्हणजे कोरडी पूड असते, ती वाळून बसत नाही. आणि त्याहूनही कमी छपाई असेल तर प्रिंटर घरात ठेवूच नका, बाहेरून काढून आणा.

सध्या आहे तो प्रिंटर मात्र बटणाने बंद करत जा. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर शाईचं तोंड टोपणाखाली जात नाही, ते वाळतं, आणि पुढच्या वेळी ते साफ करायला प्रिंटर तुमचीच शाई खर्च करतो. भरून मिळणाऱ्या कार्ट्रिज वापरून बघायला हरकत नाही. रंग थोडे वेगळे येतील, एखादी गळेलही, पण शाळेच्या प्रकल्पाला तेवढं चालतं. दरमहा ठरावीक पैसे भरून ठरावीक पानं देणाऱ्या योजना असतात; त्यांतल्या काहींत पैसे थांबवले की घरात असलेली भरलेली कार्ट्रिजही चालेनाशी होते. सही करण्याआधी हे वाचून घ्या.

विमानतळावरचं पाणी महाग आहे, हे खरंच. तिथल्या दुकानाला जागेचं भाडं जबर असतं आणि बऱ्याच ठिकाणी विक्रीतला हिस्साही विमानतळाला द्यावा लागतो. २००६ नंतर अनेक देशांत सुरक्षा तपासणीच्या पलीकडे १०० मिलीलीटरहून मोठ्या बाटलीत द्रव न्यायला बंदी आली आणि तपासणी ओलांडलेल्या माणसाला दुसरं दुकानच उरलं नाही. पण बंदी पाण्यावर आहे, बाटलीवर नाही. रिकामी बाटली घेऊन जा, पलीकडे पिण्याच्या पाण्याची तोटी असते तिथे भरा. काही विमानतळांनी तर आता द्रवाचे नियमही सैल केलेत. थेलर यांनी १९८५ मध्ये लोकांना विचारलं होतं की समुद्रकिनाऱ्यावर पडल्या पडल्या आवडीची बिअर मित्राने आणून दिली तर जास्तीत जास्त किती द्याल. झकपक हॉटेलातून आणणार म्हटल्यावर लोक साध्या किराणा दुकानापेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास द्यायला तयार होते. बिअर तीच, किनारा तोच. आपण जागेची किंमत मनातल्या मनात आधीच मान्य केलेली असते, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. यावर याहून जास्त रक्त आटवू नका.

पण पाण्याच्या बाटलीवरून मला एक गोष्ट सांगायचीय, कारण तुमच्या पाचही खर्चांना तीच लागू पडते. एखादी किंमत अवाजवी आहे का हे ठरवताना ‘ही वस्तू बनवायला किती खर्च आला असेल’ हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो. त्याचं उत्तर आपल्याला कळू शकत नाही, आणि कळलं तरी उपयोग नसतो. त्याऐवजी स्वतःला विचारा, ‘मला इथून उठून दुसरीकडे जाता येतं का?’ प्लंबर बदलता येतो. तुम्ही चार जणांना फोन करू शकला असतात, म्हणून त्याचा दर आपोआप ताब्यात राहतो. कार्ट्रिजला दुसरीकडे जाता येत नाही, ती वाट प्रिंटर घेतलात त्याच दिवशी बंद झाली. जिथे वाट बंद आहे तिथली किंमत संशयाने बघा, आणि पुढच्या वेळी वाट बंद होण्याआधी सावध व्हा. दुखणं, अपघात, घरातला मृत्यू अशा वेळी तर माणसाला उठून जायचं सुचतही नाही. अमेरिकेत १९८४ पासून अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकांना प्रत्येक सेवेची वेगवेगळी किंमत लेखी द्यावी लागते आणि फोनवर विचारली तरी सांगावी लागते. शोकात असलेला माणूस भाव करत नाही हे ओळखूनच तो नियम झाला. असा प्रसंग आलाच तर व्यवहाराचं बोलायला घरातल्या माणसाने जाऊ नये. जरा लांबच्या, डोकं शांत असलेल्या नातेवाइकाला पाठवावं.

चष्म्याबद्दल तुमचा संशय खरा आहे, घासाघीस चुकीच्या जागी झाली. फ्रेमच्या बाजारात दिसतात त्याहून फार कमी खेळाडू आहेत. इटलीच्या लक्झोटिका कंपनीने १९९९ मध्ये रे-बॅन घेतला, २००७ मध्ये ओकली घेतला. अनेक नामांकित फॅशन घराण्यांच्या नावाच्या फ्रेमही हीच कंपनी परवान्यावर बनवते. लेन्सक्राफ्टर्स आणि सनग्लास हट या मोठ्या दुकानसाखळ्याही तिच्याच. २०१८ मध्ये ती एसिलॉर या फ्रेंच लेन्स कंपनीत मिसळली आणि एसिलॉर-लक्झोटिका झाली. वेगवेगळ्या काचपेट्यांत वेगवेगळी नावं मांडलेली असली तरी मागे मालक बऱ्याचदा एकच असतो. तेव्हा फ्रेमवरच्या नावाचे पैसे ऐपतीप्रमाणे आणि हौसेप्रमाणे द्यावेत. त्यात नजरेला जास्त काही मिळत नाही.

खरी रक्कम फुगते लेन्सच्या टेबलावर. तिथे एकामागून एक थर सुचवले जातात आणि मुलीच्या डोळ्यांचा प्रश्न म्हटल्यावर बापाला नाही म्हणवत नाही. मी सांगते काय घ्यावं आणि काय सोडावं. मुलांसाठी पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकची लेन्स घ्या, आपटली तरी सहज फुटत नाही. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण मुळातच अडवतं, त्यामुळे त्यावर अतिनील संरक्षणाच्या थराचे वेगळे पैसे लावले असतील तर ते काढायला सांगा. नंबर कमी असेल तर १.६७ किंवा १.७४ निर्देशांकाच्या पातळ महागड्या लेन्सची गरज नाही, त्या जाड नंबरवाल्यांसाठी असतात. चकाकी कमी करणारा थर उपयोगाचा आहे, तो राहू द्या. निळ्या प्रकाशाचा थर मात्र सोडा. २०२३ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि स्क्रीनवर काम करून डोळ्यांना येणारा थकवा अशा लेन्सने निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं त्यांत दिसलं नाही.

आणि डोळे तपासून घेतले की नंबर कागदावर लिहून घ्या, दोन बुबुळांमधलं अंतरही लिहून घ्या. तो कागद म्हणजे तुमची उठून जायची वाट. तो हातात असला की तपासणी एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे करता येतो.

मुलगी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली, ते मला पत्रातलं सर्वांत काळजीचं वाक्य वाटलं. तिला चष्मा लागलाय हेच त्या वयात पचवायला अवघड असतं. त्यात आपल्या चष्म्यावरून चारचौघांत वाद होतोय म्हटल्यावर तिने ऐकलं एवढंच असणार, की मी बाबांना महाग पडतेय. तुमच्या मनात तसं काहीच नव्हतं, हे तिला सांगायला हवं, आणि लवकर सांगायला हवं. पुढच्या वेळी निघण्याआधी घरीच तिच्यासोबत बसून रक्कम ठरवा. तिला म्हणा, ‘एवढ्यात जी आवडेल ती फ्रेम घे, लेन्सचं मी बघतो.’ दुकानात मग तुम्हाला फक्त लेन्सवरचे थर काढायला सांगायचे असतात, आणि ते हळू आवाजात सांगता येतं. तिला पानामागचा खर्च कसा काढायचा, लेन्सच्या यादीतलं काय कामाचं हे समजावून सांगितलंत तर ती रस घेऊन ऐकेल. तिला लाज वाटते ती भांडणाची. हिशोबाची कुणाला लाज वाटत नाही. बायकोने ‘चिकट’ म्हटलं तेही बहुधा त्या दिवसाबद्दलच असावं. विचारून बघा.

राहिलं आईंचं औषध. इथे खरंच पैसे वाचू शकतात, फक्त घाई नको. औषधाच्या पेटंटची मुदत संपली की तेच मूळ द्रव्य इतर कंपन्या जेनेरिक म्हणून बनवू शकतात. मान्यता मिळण्याआधी त्यांना सहसा दाखवावं लागतं की औषध रक्तात मूळ औषधाइतक्याच वेगाने आणि तेवढ्याच प्रमाणात उतरतं. किंमत कमी असते कारण त्यांना शोधाचा आणि मोठ्या चाचण्यांचा खर्च पुन्हा करावा लागत नाही, आणि एकच औषध अनेक जण बनवतात. स्वस्त म्हणजे कमअस्सल, ही समजूत औषधांच्या बाबतीत सोडून द्यायला हवी. नियामकाची मान्यता असलेलं आणि बिलासह घेतलेलं औषध असावं, एवढं बघा.

अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, थायरॉइडची गोळी, अपस्माराची काही औषधं यांत मात्रेतला छोटा फरकही जाणवू शकतो. ही औषधं चालू असतील तर कंपनी बदलायची की नाही हे डॉक्टरच सांगतील, आणि बदलली तर मधूनच परत जुनीकडे जायचं नाही, लागल्यास रक्ततपासणी करायची. बाकीच्या औषधांसाठी पुढच्या भेटीला सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि दोन प्रश्न विचारा. यातलं कुठलं जेनेरिक चालेल? आणि यातलं कुठलं आता बंद करता येईल? दुसरा प्रश्न विचारायला लाजू नका. वयस्कर माणसांच्या औषधांत एका डॉक्टरने दिलेलं, दुसऱ्याला माहीत नसलेलं आणि कधीच न थांबवलेलं एखादं औषध पुष्कळदा सापडतं.

बदल करायचं ठरलं की आधी आईंना सांगा. नव्या कंपनीची गोळी वेगळ्या रंगाची, वेगळ्या आकाराची असेल. न सांगता बदललीत तर त्या ती चुकीची समजून बाजूला ठेवतील, किंवा जुनी आणि नवी दोन्ही घेतील, आणि रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीचा दुहेरी डोस धोक्याचा असतो. नवं पाकीट त्यांच्या हातात देऊन, कुठल्या गोळीच्या जागी कुठली हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा, आणि जुनी पाकिटं त्याच दिवशी घरातून काढून टाका.